वाचकांचे प्रश्न : मधल्या खुर्चीवरची नोकरी

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षे टेस्टिंगचे काम केले आणि गेल्या वर्षी मला प्रॉडक्ट मॅनेजरचे, म्हणजे ॲपमध्ये काय बनवायचे आणि का हे पाहण्याचे, पद मिळाले. आमचे ॲप पतसंस्थांसाठी आहे. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करतात, ॲपमध्ये नोंदवतात आणि संध्याकाळी शाखेत भरतात. आमच्या विक्री विभागाने एका मोठ्या पतसंस्थेला ‘एजंटला पावती दुरुस्त करण्याची सोय पुढच्या महिन्यात देतो’ असे परस्पर सांगून टाकले आहे. टेक लीड, म्हणजे डेव्हलपरांचा तांत्रिक प्रमुख, म्हणतो, की दिलेली पावती बदलू देणे हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे आणि ते काम तो हाती घेणार नाही. डेव्हलपर माझ्या हाताखाली नाहीत आणि विक्रीवालेही नाहीत. एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवणे एवढेच माझे काम आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या हाताखाली कोणी नाही, हा आपल्या कंपनीने केलेला अन्याय नव्हे, हे पद पहिल्यापासून असेच बांधलेले आहे. त्याचे मूळ बहुतेक जण १९३१ सालच्या एका टिपणात शोधतात. प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी कंपनीत कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना लिहिले, की प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे नेमावीत. विक्री ज्या भागात कमी आहे तेथे त्या माणसाने स्वतः जावे, दुकानदारांशी आणि ग्राहकांशी बोलावे, दुखणे कुठे आहे ते शोधावे आणि त्यावर योजना आखावी, अशी कामाची वाटणीही त्यांनी त्यात दिली होती. त्या माणसाने कारखान्याला किंवा विक्रेत्यांना हुकूम सोडावेत, अशी कल्पना त्यामागे नव्हती. त्याचे वजन पडणार होते ते त्याने इतरांपेक्षा जास्त पाहिलेले आणि मांडलेले असण्यामुळे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पदाचे नाव बदलले, साधने बदलली, परंतु ही गोष्ट तशीच राहिली.

आता आपल्या पावतीकडे येऊ. टेक लीडचे म्हणणे रास्त आहे. खातेदाराच्या हातात एक आकडा आणि शाखेच्या रोजकीर्दीत दुसरा, अशी शक्यता ज्या क्षणी निर्माण होते त्या क्षणी अफरातफरीला वाट मिळते आणि लेखापरीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतो. परंतु पतसंस्थेने केलेली मागणीही हवेतून आलेली नाही. तिने दुखणे न सांगता औषधाचे नाव सांगितले आहे, आणि विक्री विभागाने ते नाव जसेच्या तसे आपल्यापर्यंत आणले आहे. आपण तेच पुढे टेक लीडकडे नेलेत, तर निरोप्याची भूमिका आपण स्वतःच पत्करल्यासारखे होईल.

म्हणून प्रथम त्या पतसंस्थेच्या शाखेत संध्याकाळी, एजंट भरणा करायला येतात त्या वेळी, कॅशियरच्या शेजारी जाऊन बसावे. शक्य झाल्यास सकाळी एखाद्या एजंटाबरोबर बाजारपेठेतून फिरावे. पावती चुकण्याची कारणे तिथे डोळ्यांसमोर दिसतील, आणि ती एकाच जातीची नसतील, असा माझा कयास आहे. एका हाताने गाडी सावरत दुसऱ्या हाताने आकडा टाकणाऱ्या एजंटाकडून ५० चे ५०० होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणजे पावती निघण्यापूर्वी रक्कम अक्षरांत आणि मोठ्या टाइपात दाखवणे, आणि त्या खात्याच्या नेहमीच्या रकमेपेक्षा आकडा फार वेगळा असेल तर पुन्हा विचारणे. एकाच गल्लीतल्या दोन पाटलांपैकी भलत्याच पाटलांच्या खात्यावर रक्कम पडत असेल, तर आकड्याच्या पडद्यात कितीही सुधारणा केली तरी उपयोग नाही. तिथे यादीत नावाबरोबर दुकानाचे नाव दिसले पाहिजे. आणि मंडईत नेटवर्क नसल्यामुळे एजंट बटण दोनदा दाबत असेल आणि रेंज आल्यावर दोन पावत्या सर्व्हरवर चढत असतील, तर ती एजंटाची चूक नव्हेच. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक कायमचा क्रमांक देऊन, त्याच क्रमांकाची नोंद सर्व्हरने दुसऱ्यांदा न स्वीकारणे हे टेक लीडचे काम आहे, आणि हे ऐकल्यावर तो ते आनंदाने करील.

एवढे करूनही काही पावत्या चुकतीलच. त्यांच्यासाठी हिशेबनिसांची जुनी रीत आहे : मूळ नोंद खोडायची नाही, तिच्याविरुद्ध उलट नोंद करायची आणि मग बरोबर नोंद घालायची. एजंटाने ॲपमधून कारणासह विनंती पाठवावी, शाखाधिकाऱ्याने दिवसअखेरीपूर्वी ती मंजूर करावी, खातेदाराला दोन्ही नोंदींचा एसएमएस जावा. पतसंस्थेला दुरुस्ती मिळाली, टेक लीडची हरकत राहिली नाही आणि विक्री विभागाचा शब्दही, थोड्या वेगळ्या रूपात का होईना, पाळला गेला. मात्र ‘पुढच्या महिन्यात’ हे आश्वासन टिकेल की नाही, ते टेक लीडने कामाचा अंदाज दिल्यावरच ठरेल. त्यापूर्वी पतसंस्थेला नवी तारीख कळवू नये, आणि विक्री विभागालाही कळवू देऊ नये.

हे सारे दोन पानांच्या टिपणात लिहून काढावे. कोणती अडचण किती वेळा येते, पैकी कोणती आपण आत्ता सोडवणार, कोणती मुद्दाम सोडवणार नाही आणि का, आणि सोय सुरू झाल्यावर कोणता आकडा पाहून ती लागू पडली असे आपण म्हणू. शेवटचा मुद्दा पुष्कळदा राहून जातो. इथे तो आकडा सोपा आहे : दर हजार पावत्यांमागे दुरुस्तीच्या विनंत्या किती. ही संख्या कमी व्हायला हवी. दुरुस्तीची सोय पुष्कळ वापरली जाते, म्हणून ती यशस्वी झाली, असा अहवाल कोणी पाठवू लागले, तर त्यांना वेळीच थांबवावे.

आपण टेस्टिंगमधून आला आहात, ही जमेची बाजू समजा. नवे प्रॉडक्ट मॅनेजर सगळे सुरळीत झाले तर काय होईल तेवढेच लिहितात. बिघडले तर काय, हे डेव्हलपरला रात्री अकरा वाजता स्वतःच ठरवावे लागते. समजा, आपल्या ॲपमध्ये क्यूआर कोडवरून यूपीआयने रक्कम घेण्याची सोय आहे. दुकानदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण एजंटाच्या फोनवर पोच आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्याला केलेल्या अशा भरण्याची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवी, आणि उशीर झाल्यास ग्राहकाला रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पण त्या मधल्या दिवसांत एजंटाने पावती द्यायची की नाही? दुकानदाराला पुन्हा पैसे मागायचे का? पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे लिहायचे, की ‘बँकेकडून खात्री येत आहे, पुन्हा पैसे देऊ नका’ असे? ही वाक्ये लिहिणे आपले काम आहे. ती टिपणात तयार दिसली, की ‘डेव्हलपर माझे ऐकत नाहीत’ ही तक्रार बऱ्याच अंशी कमी होते, असे मी अनेक टीममध्ये पाहिले आहे.

प्रश्न : मी सांगलीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला थेट प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे आहे. त्यासाठी एमबीए आवश्यक आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : आवश्यक नाही. गूगलने २००२ साली नवख्यांना या पदासाठी घडवणारा असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरचा उपक्रम सुरू केला आणि पुढे इतर कंपन्यांनीही तसे उपक्रम काढले, पण त्यांतल्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ असतात. बाकीचे लोक डेव्हलपमेंट, टेस्टिंग, डिझाइन किंवा ग्राहकसेवा यांतून काही वर्षांनी या कामाकडे वळतात. यांपैकी ग्राहकसेवेला आपल्याकडे उगाच कमी लेखले जाते. दिवसभर तक्रारी ऐकणाऱ्याला उत्पादन कुठे दुखते हे जितके ठाऊक असते, तितके ते कंपनीत क्वचितच कोणाला ठाऊक असते. मोठ्या संस्थेतील एमबीएमुळे कॅम्पसवरून काही कंपन्यांची दारे उघडतात, हे खरे; परंतु केवळ या पदासाठी कर्ज काढून दोन वर्षे घालवावीत, असे मी सुचवणार नाही. त्याऐवजी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा इतकी शिका, की डेटाबेसला विचारायचा प्रश्न दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागणार नाही. मुलाखतीसाठी एखाद्या प्रसिद्ध ॲपची नवी रचना करून नेऊ नका, कारण तसे पुष्कळ जण नेतात. आपल्या कॉलेजच्या परीक्षा अर्जात विद्यार्थी नेमके कुठे अडतात, हे दहा-बारा जणांना तो भरताना पाहून लिहून काढा आणि ते न्या.

प्रश्न : हिंजवडीतील एका सेवा कंपनीत मी प्रॉडक्ट ओनर आहे, पण सगळे निर्णय परदेशातील क्लायंट घेतो. मग मी नक्की कशाचा ओनर? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवण्याच्या स्क्रम या पद्धतीची नियमपुस्तिका म्हणजे स्क्रम गाइड. तिच्यात प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणते काम आधी करायचे हे ठरवणारी, ही एकच व्यक्ती असावी, समिती नसावी, आणि तिच्या निर्णयांचा साऱ्या संस्थेने मान राखावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे तो अधिकार क्लायंटच्या माणसाकडे आहे; म्हणजे पदाची पाटी काहीही असली तरी आपण करता ते काम बिझनेस ॲनालिस्टचे, म्हणजे क्लायंटच्या गरजा समजून घेऊन टीमसाठी मांडण्याचे, आहे. ते काम हलके नाही. मात्र दुसरीकडे अर्ज करताना बायोडेटामध्ये ‘रोडमॅप (उत्पादनाच्या पुढच्या कामांचा आराखडा) ठरवला’ असे लिहू नका, मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडेल. कोणत्या मागणीवर आपण हरकत घेतली, क्लायंटने ती कशी मान्य केली आणि त्यामुळे कोणते काम वाचले, हे लिहा. असे एकही उदाहरण आठवत नसेल, तर पुढच्या स्प्रिंट प्लॅनिंगच्या, म्हणजे येत्या टप्प्याचे काम ठरवण्याच्या, बैठकीत बॅकलॉगमधील (बाकी कामांच्या यादीतील) सर्वांत वरची गोष्ट उचलून, ती कोण वापरणार आहे, एवढे क्लायंटला विचारून पाहा.