हिमोग्लोबिन ९, मग मायक्रोआरएनएचं काय?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिचं हिमोग्लोबिन ९ आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यावर ती म्हणते, ‘आई, मायक्रोआरएनए तयार व्हायलाही हीम लागतं, म्हणजे माझे तेही कमी झाले असणार!’ हे खरं आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलीचं पहिलं विधान बरोबर आहे. दुसरं मात्र घाईचं. हीम म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही, तो इतर जनुकांचे संदेश अडवतो. १९९३ साली तो एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि त्यासाठी अ‍ॅम्ब्रोस व रव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं. हा तुकडा एका लांब धाग्यातून कापून काढावा लागतो. धागा स्वतःवरच दुमडतो, पेशीच्या केंद्रकात ड्रोशा नावाचं प्रथिन त्याला पहिला काप देतं आणि बाहेर आल्यावर डायसर दुसरा. ड्रोशाच्या सोबतीला डीजीसीआर८ प्रथिनाचे दोन रेणू असतात. आपलं हीम बसतं ते यांच्यात.

हे कळलं कसं, तो भाग मला फार आवडतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फेंग गुओ यांच्या प्रयोगशाळेत डीजीसीआर८ शुद्ध केलं, तर ते पिवळं निघालं. शुद्ध प्रथिनाचं द्रावण बहुधा पाण्यासारखं बिनरंगी असतं. रंग दिसला की आत आणखी कुणीतरी दडलंय असं समजायचं, हे मी प्रॅक्टिकलच्या तासाला वर्षानुवर्षं घोकून घेतलंय. दडलेलं होतं हीम. हा शोध २००७ साली छापून आला. पण रक्तात लाल दिसणारं हीम इथे पिवळं का? कारण त्यातलं लोह कुणी धरलंय यावर रंग ठरतो. हिमोग्लोबिनमध्ये ते हिस्टिडीन या अमिनो आम्लानं (प्रथिनाच्या एका घटकानं) धरलेलं असतं. इथे डीजीसीआर८च्या दोन्ही रेणूंमधलं एकेक सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल, त्याला दोन बाजूंनी धरतं, गंधकाच्या दोन चिमट्यांत.

आणखी एक गंमत मुलीला सांगा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस (दोन धनभारांचं) असेल तरच ऑक्सिजन वाहतं, फेरिक (तीन धनभारांचं) झालं की तो रेणू निकामी. डीजीसीआर८चं बरोबर उलटं : फेरिक हीम चालतं, फेरस चालत नाही. हे त्याच प्रयोगशाळेनं २०१२ मध्ये दाखवलं.

मग हीम नेमकं करतं काय? टेक्सासमधल्या युनसन नाम यांच्या प्रयोगशाळेच्या २०१७च्या कामानुसार ते दिशा सांभाळतं. दुमडलेल्या धाग्याच्या एका टोकाला वळसा, दुसऱ्या टोकाला मोकळे धागे. हीम असलं की डीजीसीआर८ वळशाच्या बाजूला बसतं आणि ड्रोशा मोकळ्या टोकाकडे, म्हणजे योग्य जागी. कापड उलटं धरून शिंप्यानं कात्री चालवली तर काय होईल, तसंच इथे. काप एखाद-दुसऱ्या अक्षरानं जरी सरकला, तरी तो तुकडा भलत्याच संदेशाला जाऊन चिकटू शकतो.

आता तुमच्या मुलीचं. रिपोर्टमधले ९ हे रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनचं माप आहे आणि त्या पेशींनी तर परिपक्व होताना केंद्रकच टाकून दिलेलं असतं. यकृताची, मेंदूची पेशी आपलं हीम आपणच बनवते, त्याची सुरुवात मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात होते. सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये हीमची कमतरता असली की मायक्रोआरएनएची कापणी मंदावते, हे २०१४ मध्ये दिसलं खरं. पण तिथे पेशींची हीमनिर्मिती मुद्दाम दाबलेली होती. त्या पेट्रीडिशमधून लॅबच्या रिपोर्टवर उडी मारता येत नाही. उद्या कुणी ‘मायक्रोआरएनए वाढवणारं लोह’ म्हणून महागडा डबा विकायला आलं, तर दारातूनच परत पाठवा.

गोळ्या मात्र नेमानं घ्यायला लावा. चहाबरोबर नकोत, चहानं लोह कमी शोषलं जातं, लिंबूपाण्याबरोबर चालतील. आणि ९पर्यंत उतरलं कशानं, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पोटात जंत आहेत का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं असेल तर पुढच्या भेटीत आधी तेच विचारा.