तुकडा कशात ठेवायचा? ऊतक-जतनाविषयी वाचकांचे प्रश्न

आईच्या स्तनातील गाठीची बायोप्सी तालुक्याला झाली. नमुन्याची बाटली आमच्याच हाती दिली. प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी आहे. वाटेत बर्फात ठेवावी का? उद्या नेली तर चालेल?

बर्फ नको. बाटलीत फॉर्मालिन, म्हणजे ऊतक टिकवणारे द्रावण, असेल (लेबल वाचा, नाहीतर सिस्टरांना विचारा, वास घेऊन पाहू नका), तर नमुना खोलीच्याच तापमानाला न्यायचा. थंडीत फॉर्मालिनचे काम मंदावते आणि तुकडा गोठला तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

उद्या नेली तरी चालेल, पण परवा-तेरवावर ढकलू नका. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या (कर्करोगावर कोणते औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या) तपासण्यांसाठी तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा, असा दंडक आहे. शुक्रवारी दुपारी काढलेला नमुना सोमवारी सकाळी पोचला, तर पुढच्या प्रक्रियेला लागेपर्यंत ही मुदत संपत आलेली असते. म्हणून तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहून घ्या. ही वेळ लिहायची राहूनच जाते, आणि पॅथॉलॉजिस्टला नेमकी तीच हवी असते.

द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा. कमी वाटला तर पाणी किंवा सलाइन ओतू नका. रुग्णालयातूनच फॉर्मालिन भरून घ्या. सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यांना एवढे पुरते. अख्खी गाठ काढली असेल तर गोष्ट वेगळी. फॉर्मालिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरते आणि जितके खोल जाईल तितके सावकाश. न कापलेली मोठी गाठ बाहेरून शिजल्यासारखी घट्ट होते, तर आतून कुजत राहते. ती कापण्याचे काम मात्र डॉक्टरांचे, कारण आधी कडांवर शाई लावावी लागते.

काचपट्टीवर रक्ताळ भागात तपकिरी ठिपके दिसतात. आम्ही नळाच्या पाण्यात १० टक्के फॉर्मालिन करतो. चूक कुठे? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

चूक बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षार) न घालण्यात. नुसते फॉर्मालिन साठवणीत हळूहळू फॉर्मिक ॲसिड होत जाते आणि हे आम्ल हिमोग्लोबिनशी मिळून ते ठिपके तयार करते. मलेरियाचे रंगद्रव्यही जवळपास असेच दिसते, त्यामुळे प्लीहा किंवा यकृताच्या काचपट्टीवर फसगत होऊ शकते.

१ लिटरसाठी प्रमाण असे: बाजारातले ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मालिन १०० मिलि, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. क्षार आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग फॉर्मालिन घाला. पीएच ७ च्या आसपास हवा. ‘१० टक्के’ म्हटले तरी यात फॉर्मल्डिहाइड जेमतेम ४ टक्के असते. १० टक्के फॉर्मल्डिहाइड समजून अडीचपट फॉर्मालिन ओतू नका.

आधीच पडलेले ठिपके पिक्रिक ॲसिडच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणाने निघतात. ते ॲसिड कोरडे पडले की स्फोटक होते. बाटलीच्या झाकणाशी सुकलेली पूड दिसली तर झाकण फिरवू नका.

मानेच्या गाठीत क्षय असल्याची शंका होती. सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये गेला. कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होईल का?

नाही. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. काचपट्टीवरची तपासणी होईल. कल्चरसाठी वेगळा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये द्यायला हवा होता. गाउटच्या (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताच्या) गाठीत युरेटचे स्फटिक शोधायचे असतील तर तेही पाणी असलेल्या द्रावणात विरघळतात. तिथे शुद्ध अल्कोहोल लागते.

स्नायूचे तुकडे थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवले, तरी छेदात जाळी पडल्यासारखी भोके दिसतात. (संशोधक विद्यार्थिनी)

नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असला तरी ऊबदार तुकडा पडताच तो भोवती उकळतो आणि वायूचे वेष्टण तयार होते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तसेच. ते वेष्टण उष्णता बाहेर जाऊ देत नाही, गोठणे सावकाश होते, स्फटिक मोठे वाढतात. स्टीलच्या भांड्यात आयसोपेंटेन (तुकडा पडल्यावर असा न उकळणारा द्रव) घेऊन ते भांडे नायट्रोजनमध्ये धरा. तळाशी पांढरा थर धरू लागला की तुकडा बुडवा. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आधी सलाइनमध्ये भिजवलेला तर मुळीच नको. स्नायूतली बरीच भोके त्या पाण्याचीच असतात. पुढे साठवण उणे ८० ला. मधे एकदा जरी वितळला तरी मेहनत पाण्यात.

दान केलेले डोळे काही दिवसांतच वापरावे लागतात. त्वचा मात्र वर्षानुवर्षे टिकते, असे का?

पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि पारपटल स्वच्छ ठेवण्यासाठी तो जिवंत लागतो. माणसात तो पुन्हा वाढत नाही. एमके माध्यम या साठवणीच्या द्रावणात ४ अंशांवर पारपटल सुमारे ४ दिवस टिकते, ऑप्टिसोल या दुसऱ्या द्रावणात १४ दिवसांपर्यंत. त्वचापेढीतली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंशांवर असते. ग्लिसरॉल पाणी ओढून घेते, पेशी मरतात, पण त्वचेची वीण शाबूत राहते. भाजलेल्या रुग्णावर ती तात्पुरते पांघरूण म्हणून लावतात; दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते, तोवर जखम सावरते. रक्तगट जुळवावा लागत नाही.

दोन्ही दाने मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावीत. पथक येईपर्यंत पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी द्या.