गांजा सोडून ‘मेडिकलच्या गोळ्या’ घेतल्या तर त्या कमी घातक असतात का?

तुम्ही लिहिलंय की चुलत भाऊ एकवीस वर्षांचा आहे. गांजा सोडला म्हणतो, पण आता अल्प्राझोलामच्या गोळ्या आणि खोकल्याचं सिरप रोज घेतो, वर आठवड्यातून एकदोनदा दारू. कंपनीचा माल आहे, डॉक्टरही देतात, म्हणजे गांजापेक्षा कमी घातक, असं त्याचं म्हणणं. आणि तुमच्या काकांचं म्हणणं, खोलीत कोंडा, आठ दिवसांत उतरेल. मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी बरीच वर्षं मेडिकल चालवतोय. दोघांचंही चुकतंय, आणि काकांचं जास्त.

आधी भावाचं. गोळीत भेसळ नसते, एवढं त्याचं खरं. एमडी (मेफेड्रोन) म्हणून जी नशेची पूड विकतात तिच्यात काय काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण श्वास बंद पडायला भेसळ लागत नाही.

अल्प्राझोलाम हे घबराटीच्या झटक्यांवरचं चांगलं औषध आहे. मालेगावकडे याच्या गोळीलाच ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. मुंबईत ‘बटण’ म्हणून विकतात त्या गोळ्याही याच घराण्यातल्या. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ही गोळी त्या ब्रेकवर आणखी पाय देते. माणूस शांत होतो, बेफिकीर होतो, आणि रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही. मारामाऱ्यांच्या बातम्यांत या गोळीचं नाव येतं ते त्यामुळेच. महिनाभर रोज घेतली की तेवढ्याने भागत नाही, डोस वाढत जातो.

सिरपमध्ये कोडीन असतं, म्हणजे अफूच्याच कुळातलं. लिव्हरमध्ये त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं, आणि काही लोकांच्या शरीरात जन्मतःच हे काम फार वेगाने चालतं. आपण कोणत्या गटात आहोत हे बाटली तोंडाला लावणाऱ्याला माहीत नसतं. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या सिरपमध्ये चमच्याला, म्हणजे 5 मिलीला, 10 मिलिग्रॅम कोडीन असतं. 100 मिलीची बाटली एका दमात संपवली की एकदम वीस चमचे. सोबत बहुतेकदा क्लोरफेनिरामिन असतं, तेही झोप आणणारंच. ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या गोळ्या घेत असेल तर आणखी एक कटकट: ट्रामाडोलने स्वतःहून फिट येऊ शकते, आणि पॅरासिटामॉल जोडलेल्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर लिव्हर जातं.

आता यातली खरी भीती. अल्प्राझोलामची गोळी, कोडीन आणि दारू ही तिन्ही श्वास मंदावतात. एकेकट्याने जे निभावतं ते तिघांनी मिळून निभावत नाही. रात्री पोरगा घोरतोय, झोपू द्या, असं घरचे म्हणतात आणि पहाटे अंग गार लागतं. ते घोरणं नेहमीचं नसतं, घशात घरघर असते, श्वास थांबून थांबून येतो, ओठ-नखं निळसर दिसतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. असं दिसलं तर हाक मारा, हलवा. जाग येत नसेल तर लगेच 108 ला फोन करा, कुशीवर वळवा आणि जवळच थांबा. श्वास थांबलाच तर 108 वाला फोनवर सांगेल तसं छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं सुरू करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, थंड पाण्याची बादली ओतू नका. दवाखान्यात नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं. ते कोडीनचा असर उतरवतं, पण अल्प्राझोलामचा किंवा दारूचा नाही. म्हणून काय काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं, लपवायचं नाही.

गांजाशी तुलना तुम्ही विचारलीच आहे. नुसत्या गांजाने श्वास बंद पडून माणूस गेला असं सहसा होत नाही. पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत भास आणि संशयाचे आजार जास्त दिसतात, घरात आधीच कुणाला तसा आजार असेल तर अधिकच. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्यांचा आजार होतो आणि त्यांना फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने बरं वाटतं. पोटाच्या सगळ्या तपासण्या होतात, कारण सापडत नाही, कारण गांजाबद्दल कुणी बोललेलंच नसतं. तेव्हा तुमच्या भावाने वाईट सोडून बरं धरलं असं झालेलं नाही.

हा एकट्या भावाचा गैरसमज नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात देशात हेरॉइन घेणारे 1.14 टक्के आणि नशेसाठी औषधी ओपिऑइड (कोडीनसारखी अफूच्या कुळातली औषधं) घेणारे 0.96 टक्के होते. म्हणजे गर्द (हेरॉइन) आणि मेडिकलची बाटली जवळपास खांद्याला खांदा लावून उभी आहेत. 2014 पासून अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडोल ही शेड्यूल एच-वनमध्ये आहेत: चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. 2018 मध्ये ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही गेलं. तरी माल बाहेर येतो. आमच्या धंद्यातलेच काही जण छापील किमतीच्या कितीतरी पट घेऊन देतात, आणि मग व्यसनी पोरांच्या नावाने आम्हीच नाकं मुरडतो.

जाता जाता, भाऊ जिमला जात असेल तर बॅगेकडे लक्ष असू द्या. मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन हे भूल दिल्यावर पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे, आणि आपल्याकडे काही पोरं ते व्यायामाआधी जोर यावा म्हणून टोचतात. हृदयाचे ठोके आणि बीपी भलतंच वर जातं, सवय लागते, काहींना भास होऊ लागतात.

आता काकांचं. गोळी रोज घेऊन मेंदूने त्या ब्रेकची सवय करून घेतलेली असते. तो पाय एकदम काढला की एकदोन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, आणि आकडी येऊ शकते. कोंडलेल्या खोलीत एकट्याला आकडी आली तर जीव जातो. दारू रोजची असेल तर तीही एकदम तोडण्यात हाच धोका असतो. कोडीनची टर्की, म्हणजे सोडल्यावर होणारा त्रास, वेगळी: नाक-डोळे वाहणं, जांभया, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं. ती सहसा जीवघेणी नसते, पण आठ-दहा दिवसांनी शरीराची सवय मोडलेली असते आणि डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी पूर्वीएवढं घेतलं की श्वास थांबतो. कोंडून ‘बरी केलेली’ मुलं अशीच जातात.

डॉक्टर काय करतात? अल्प्राझोलामच्या जागी बहुतेकदा जास्त वेळ टिकणारी त्याच जातीची गोळी देतात आणि काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करत आणतात. कोडीनसाठी गरज पडली तर ब्युप्रेनॉर्फिन, हेही अफूच्याच जातीचं, पण उपचारासाठीचं औषध. ‘एका नशेच्या जागी दुसरी’ असं नातेवाईक म्हणतील, त्यांचं ऐकू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तेव्हा गर्दची लाट होती. फोनवर विचारायचं तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन, आणि मानसिक त्रासासाठी 14416.

पोलिसांची भीती म्हणून लोक दवाखान्यात जात नाहीत. एनडीपीएस कायद्यात कलम 64-ए आहे. स्वतः सेवन करणारा किंवा थोडी मात्रा जवळ असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मध्येच सोडले तर ते काढून घेता येतं, हेही काकांना सांगा.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत गोळ्या संडासात टाकू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाकडे ठेवा, दारू आणि सिरप हाताला लागणार नाही असं बघा, आणि तोवर गोळी किती व कधी द्यायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. तो गुंगीत असेल तर मात्र काहीच देऊ नका. जाताना रिकाम्या स्ट्रिपा आणि बाटल्या पिशवीत घालून न्या. किती मिलिग्रॅमची गोळी, दिवसाला किती, किती महिने, यावरच पुढचा डोस ठरतो, आणि या तिन्हींचं उत्तर पेशंट निम्म्याने कमी सांगतो.