जज बाई असली म्हणून काय फरक पडतो?

प्रश्न: ताई, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा घरी पहिल्या महिला न्यायाधीशांचा विषय निघाला तर मामा म्हणाले, पुस्तक तेच, कलमं तीच, मग खुर्चीत बाई बसली काय नि पुरुष बसला काय, एवढं कौतुक कशाला? मला पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही.
- एक विद्यार्थिनी

उत्तर: मामांचं अर्धं बरोबर आहे, पुस्तक तेच असतं. पण त्यातला शब्द कोण वाचतंय तिथं सगळं अडतं गं. १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा वकिलीची सनद मागायला गेल्या, कायद्याची पदवी हातात होती. १८७९च्या वकिलांच्या कायद्यात बायकांना मनाई असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, नुसता 'व्यक्ती' असा शब्द होता, शिवाय कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या असा नियमही होताच. तरी हायकोर्टाचे पाच जज बसले, पाचही पुरुष, आणि ठरवलं की इथं बाई धरायची नाही. एका शब्दापायी शिकलेली बाई दाराबाहेर. पुढं पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचंही तेच झालं.

आपल्या नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ला आणि पदवी हातात पडली १९२२ला, म्हणजे तीस वर्षांनी! मधली कितीतरी वर्षं त्या पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं बघत होत्या, सल्ला देत होत्या. शेवटी १९२३ला कायदाच करावा लागला की बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही.

आता अ‍ॅना चंडी बघ. १९३७ला त्रावणकोर संस्थानात मुन्सफ म्हणजे खालच्या कोर्टातल्या जज झाल्या, १९५९ला केरळ हायकोर्टात जज, आपल्या देशात हायकोर्टात बसलेली पहिली बाई. मला त्यांचं सगळ्यात काय आवडतं सांगू, त्या संस्थानात बायकांना फाशीतून सूट होती आणि चंडीबाईंनी त्या सवलतीलाच विरोध केला, कारण हक्क समान मागायचे तर शिक्षाही समान हवी. एवढं सरळ बोलायला हिंमत लागते.

सुप्रीम कोर्ट सुरू झालं १९५०ला आणि तिथं पहिली बाई, फातिमा बीवी, पोचल्या १९८९ला. एकोणचाळीस वर्षं, हे वाचताना मला अजूनही राग येतो. मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला जज सुजाता मनोहर पुढं सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७च्या विशाखा खटल्यात तिघांच्या बेंचवर होत्या. निकाल लिहिला सरन्यायाधीश वर्मांनी, पण तेव्हा ऑफिसात बाईला कुणी लैंगिक त्रास दिला तर त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता, त्या निकालानं तक्रार समिती आली, तिची अध्यक्ष बाईच हवी आणि निदान निम्म्या सदस्य बायका हव्यात हेही आलं. कायदा यायला मात्र २०१३ उजाडलं.

आणि हो, पुरुष जज बायकांना न्याय देत नाहीत असं मी अजिबात म्हणत नाहीये, मामांना तसं सांगू नकोस. परराष्ट्र सेवेतल्या बाईनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळं कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामाही मागता येईल, असा नियम खरंच होता. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या नियमावर कडक ताशेरे ओढले, विचारलं की बाईचा संसार आड येतो तर पुरुषाचा का नाही येत? पण बघ ना, तो नियम लिहिताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. बाई टेबलाशी असती तर तिथंच पडला असता, कोर्टापर्यंत यावंच लागलं नसतं.

मुथम्माचा निकाल छोटा आहे, कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल. त्याची झेरॉक्स काढून मामांना वाचायला दे, आणि सोबत रेजिना गुहांचाही दे, आधी तो वाचायला सांग.