रोमचं तिकीट, उतरायचं चिविताव्हेकियाला

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर असताना इटलीची शहरं आपली आपण कशी पाहायची, यावर या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गफलत दिसते. क्रूझच्या पत्रकात शहराचं नाव छापतात, जहाज मात्र बंदराला लागतं, आणि या दोन्हींमधलं अंतर कधी पाच मिनिटांचं असतं तर कधी अडीच तासांचं. आधी ते अंतर शोधा, मग काय पाहायचं ते ठरवा.

प्रश्न : आमचं जहाज सकाळी ७ ला रोमला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं. जहाजाची सहल चौघांना फार महाग पडते. व्हॅटिकन आणि कोलोसियम दोन्ही आपलं आपण जमेल का? (वाचक, डोंबिवली)

दोन्ही बाहेरून जमतील. दोन्ही आतून पाहायला गेलात तर एकाचा तरी विचका होईल. हातात १२ तास आहेत असं वाटतं, पण जहाज लागतं रोमबाहेरच्या चिविताव्हेकिया बंदराला, त्यामुळे रोममध्ये जेमतेम ६ मिळतात.

हिशोब शेवटाकडून मांडा. जहाज ७ ला सुटणार म्हणजे जहाजावर चढायची शेवटची वेळ साधारण साडेसहा. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दिनक्रमाच्या कागदावर छापलेली असते. तुम्ही सव्वापाचपर्यंत जहाजापाशी असावं. त्यासाठी चिविताव्हेकिया स्टेशनवर साडेचारला उतरायला हवं, म्हणजे रोममधून सव्वातीन-साडेतीनची गाडी. ती चुकली किंवा रद्द झाली तर मागून येणाऱ्या गाडीनेही जहाज मिळतं. शेवटची शक्य गाडी पकडायचा बेत कधीच करू नका. गाड्यांची सवय डोंबिवलीकरांना आहेच, पण या मार्गावर पुढची गाडी तीन मिनिटांत येत नाही. मधल्या वेळी अर्धा-पाऊण तासही लागतो.

आता सकाळ. बंदर अवाढव्य आहे, आतून चालत बाहेर पडता येत नाही. जहाजापासून लार्गो देल्ला पाचे या ठिकाणापर्यंत बंदराची बस सोडते. तिथून स्टेशन चालत २० ते २५ मिनिटं. रस्ता सपाट आहे, समुद्र उजव्या हाताला ठेवून निघायचं. नको असेल तर दुसरी बस आहे. तिकिटांपैकी ‘बिर्ग’ नावाचा दिवसभराचा पास मागा. साधारण १२ युरोत प्रादेशिक गाडीचं जाणं-येणं आणि रोममधली मेट्रो, बस, सगळं त्यात येतं. त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा. परदेशी प्रवाशांना सर्वांत जास्त दंड होतो तो याच शिक्क्यापायी. तिकीट आहे, पैसे भरलेत, हे तपासनीसाला सांगून उपयोग नसतो. फोनवर प्रादेशिक गाडीचं तिकीट काढलं असेल तर त्यात चेक-इन करावं लागतं. हा पास इंटरसिटी किंवा त्याहून वेगवान गाडीत चालत नाही; फलाटावर आधी तीच लागली तरी चढू नका. तिकीट-यंत्रापाशी कुणी आपणहून मदतीला आलं तर मान हलवून नको म्हणा. यंत्र इंग्रजीत चालतं.

उतरायचं कुठे हे काय पाहायचं त्यावर ठरतं. व्हॅटिकन आधी असेल तर रोमा सान पिएत्रो. ५० मिनिटांच्या आसपास गाडी आणि पुढे १५ मिनिटं पायी. कोलोसियम आधी असेल तर रोमा ओस्तिएन्से. शेजारीच पिरामिदे हे मेट्रोचं स्टेशन, तिथून ‘बी’ मार्गाने दुसरा थांबा कोलोसेओ. सगळे झोपेत तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जातात आणि परतताना तिथेच फसतात. चिविताव्हेकियाच्या गाड्या तेर्मिनीला २५ नंतरच्या फलाटांवरून सुटतात. ते फलाट मुख्य दालनापासून आठ-दहा मिनिटं चालत आहेत. फलाट क्रमांक २६ म्हणजे २४ च्या शेजारी दोन पावलांवर, असं समजून बसलात तर गाडी डोळ्यांदेखत जाते. त्यामुळे परतीलाही ओस्तिएन्से बरं. बसायला जागा मिळेलच असं नाही, पण धावपळ वाचते.

वार तपासा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण त्या रांगेत क्रूझच्या प्रवाशाने उभं राहू नये. बुधवारी सकाळी पोप लोकांना दर्शन देतात तेव्हा सेंट पीटर्सचा चौक भरलेला असतो आणि तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, शिरता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. कोलोसियमचं तिकीट नावानिशी असतं आणि ३० दिवस आधी विक्रीला येतं, त्यामुळे तारखेची आठवण लावून ठेवा. त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

प्रश्न : नेपल्सहून पाँपेई करायचं आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७१, गुडघ्याचं दुखणं. झेपेल का? (वाचक, नाशिक)

जहाज नेपल्सला थेट शहरात लागतं. समोर किल्ला, पाच-दहा मिनिटांवर मुनिचिपिओ हे मेट्रोचं स्टेशन. ‘१’ क्रमांकाच्या मार्गाने गारिबाल्दीला जायचं आणि तिथे खालच्या मजल्यावरून चिर्कुमवेसुव्हियाना ही उपनगरी गाडी घ्यायची. सोरेन्तोकडे जाणारी गाडी, उतरायचं स्टेशन ‘पाँपेई स्कावी–व्हिला देई मिस्तेरी’. वेळ ३५ ते ४० मिनिटं. पाँपेई या नावाची आणखीही स्टेशनं आहेत. पोज्जोमारिनोची गाडी तोर्रे अन्नुन्झियातानंतर वेगळी वळते आणि तुम्हाला आधुनिक गावात नेऊन सोडते. उत्खननाचं मुख्य दार तिथून बरंच लांब आहे. गाडी खचाखच असते, उन्हाळ्यात तापते, आणि खिसेकापूंना ती आवडते. पिशवी पोटाशी धरा.

गुडघ्यांचं म्हणाल तर पाँपेईचे रस्ते म्हणजे मोठमोठे ओबडधोबड काळे दगड. त्यात रथांच्या चाकोऱ्या, पदपथ उंच, आणि रस्ता ओलांडायला मध्ये उभे केलेले उंच दगड. सावली जवळजवळ नाही. उघडा केलेला भागच ४० हेक्टरांहून जास्त आहे. पियात्सा आन्फितेआत्रोच्या दारातून आत सुमारे ३ किलोमीटरचा सोपा, सपाट केलेला मार्ग आहे, पण रेल्वे स्टेशन पोर्ता मारिनाच्या दारापाशी आहे, म्हणजे त्या दारासाठी वेगळं चालणं किंवा टॅक्सी आली.

सासूबाई सोबत असतील तर आमचं मत एर्कोलानोच्या (प्राचीन हर्क्युलेनियमच्या) बाजूने. तेही इसवी सन ७९ मध्ये वेसुव्हियस ज्वालामुखीखालीच गाडलं गेलं, पण उघडा केलेला भाग पाँपेईच्या दहाव्या हिश्श्याएवढा. दीड-दोन तासांत पाहून होतं. इथे घरांचे वरचे मजले टिकलेत, जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया, दारं, पलंगसुद्धा जागेवर आहेत. पाँपेईत हे फारसं दिसत नाही. त्याच उपनगरी गाडीने २० मिनिटांवर ‘एर्कोलानो स्कावी’ लागतं आणि तिथे सोरेन्तोची आणि पोज्जोमारिनोची, दोन्ही गाड्या थांबतात. म्हणजे चुकायलाही वाव नाही. स्टेशनपासून सरळ समुद्राकडे उतार, दहा मिनिटं. परतताना हाच उतार चढ होतो, तेवढी एक टॅक्सी करा.

पाँपेईच ठरलं तर लक्षात ठेवा : दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश असतो, तिकीट नावाचं असतं, आणि ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. मोठी सॅक जहाजावरच ठेवा.

प्रश्न : लिव्होर्नोहून एका दिवसात फ्लॉरेन्स आणि पिसा, दोन्ही होतं का? (वाचक, पुणे)

होतं, पण लांबचं आधी आणि जवळचं नंतर. फ्लॉरेन्सची गाडी पिसावरूनच जाते, त्यामुळे सकाळी पिसाला उतरायचा मोह होतो. तो टाळा. सकाळी गाडी उशिरा आली तर पिसा सोडता येतं. उलट केलंत तर सगळा उशीर फ्लॉरेन्सवर जाऊन आदळतो आणि परतीचा प्रवास दीड तासाचा उरतो.

लिव्होर्नोचं बंदर मालवाहतुकीचं, चालायला बंदी. बस शहराच्या मध्यावर सोडते. तिथून स्टेशन सुमारे ३ किलोमीटर, म्हणून आणखी एक बस. तिचं तिकीट निळ्या पाटीवर पांढरा ‘टी’ असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. एवढ्यातच तास जातो. मग फ्लॉरेन्सपर्यंत जवळपास दीड तास. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशन आल्याशिवाय उतरू नका. त्याच्या आधीचं रिफ्रेदी पाहून ‘आलं वाटतं’ म्हणत उतरणारे पुष्कळ. सोमवार असेल तर उफ्फिझी आणि आकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं बंद, म्हणजे मायकेलअँजेलोचा अस्सल डेव्हिड पुतळा नाही. चौकातली प्रतिकृती आणि बाहेरून दुओमो, म्हणजे कॅथेड्रल, यांवर समाधान. दुओमोच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते.

पिसाला मुख्य स्टेशनपासून मनोऱ्यापर्यंत २५ मिनिटं पायी, तेवढीच परत. हात टेकवल्याचा फोटो काढून निघालात तर दीड तासात आटपतं. ८ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर चढू देत नाहीत.

प्रश्न : पत्रकात ‘व्हेनिस (रावेन्ना)’ असं आहे. म्हणजे नक्की कुठे? (वाचक, कोल्हापूर)

रावेन्ना. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून व्हेनिससमोर यायला बंदी आहे. तेव्हापासून जहाजं मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाच्या पोर्तो कोर्सिनीला लागतात. पोर्तो कोर्सिनीहून व्हेनिस बसने सुमारे अडीच तास, परत तेवढेच. एका दिवसाच्या मुक्कामात हा उद्योग करू नका. रावेन्नाच पाहा. सान व्हिताले हे चर्च आणि गाल्ला प्लाचिदियाची समाधी इथली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक्स पाहायला लोक मुद्दाम येतात. कवी दान्तेची कबरही इथेच आहे. क्रूझ तिथेच संपत असेल तर व्हेनिसला दोन रात्री राहा. दिवसापुरतं येणाऱ्यांना तिथे ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क आहे. आयत्या वेळी भरलं तर दुप्पट पडतं.

प्रश्न : जहाज चुकलंच तर? आणि पासपोर्ट सोबत न्यायचा का? (वाचक, ठाणे)

जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्यासाठी थांबत नाही. दिनक्रमाच्या कागदावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन क्रमांक असतो, त्याचा सकाळीच फोटो काढून ठेवा. उशीर होणार असं दिसताच फोन करा, पोहोचल्यावर नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. रोमला चुकलं आणि पुढे नेपल्स असेल तर वेगवान गाडीने सव्वा तासाचं काम आहे. पुढे बार्सिलोना असेल तर विमान. विमा घेताना ही अट त्यात आहे का ते वाचा.

पासपोर्ट कधी जहाज स्वतःकडे ठेवून घेतं. तसं असेल तर आदल्या संध्याकाळी मागून बघा. नाहीच मिळाला तर फोटोचं आणि व्हिसाचं पान, दोन्हींच्या रंगीत प्रती आणि जहाजाचं कार्ड जवळ हवं.

संपाचंही बघा. फलकावर किंवा बातमीत ‘शोपेरो’ दिसलं की तो संप. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्या चालवण्याची हमी असते. तुम्ही नेमके मधल्या वेळात परतणार, म्हणजे हमीचा तुम्हाला उपयोग शून्य. संप आधी जाहीर होतो. त्या दिवशी जहाजाची सहल घ्या, नाहीतर बंदराच्या गावातच फिरा.

प्रश्न : शाकाहारी माणसाने बंदरावर काय खावं? (वाचक, सांगली)

मारिनारा पिझ्झा. नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, आणि चीजही नसतं. साधा फोकाच्चा चालतो. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, घेवड्याच्या पास्त्यात पुष्कळदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ (चीजशिवाय) म्हणा. कॉफी उभ्यानेच प्या. टेबलावर बसलात की तिचाच भाव वाढतो. बुफेतली फळं-सँडविचं उतरताना काढून घेतात, बंद पाकिटातला चिवडा नेऊ देतात.

प्रश्न : आमच्या क्रूझमध्ये ट्युनिसही आहे. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा चालेल? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. ट्युनिसला गेलात की शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांमधून, बाहेर पडलात, परत इटलीला येणं हा दुसरा प्रवेश. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि क्रूझचं संपूर्ण वेळापत्रक जोडा. माल्टा आणि २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहेत; तुर्कस्तान, ट्युनिशिया, माँटेनेग्रो नाहीत.

प्रश्न : सिसिलीतल्या मेस्सिनाला फक्त सात तास आहेत. ताओर्मिना गाठावं का? (वाचक, वसई)

गाडीने पाऊण-एक तास, मग स्टेशनपासून डोंगरावर बस, आणि गाड्या मोजक्या. सात तासांत होईल, पण निम्मा वेळ घड्याळाकडे बघण्यात जाईल. त्यापेक्षा दुसरं घड्याळ बघा. धक्क्यापासून दहा मिनिटांवर कॅथेड्रलच्या मनोऱ्यात १९३३ साली बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी १२ ला सोनेरी सिंह तीनदा डरकाळी फोडतो, कोंबडा तीनदा आरवतो आणि पुतळ्यांची मिरवणूक निघते. खेळ दहा-बारा मिनिटं चालतो, तिकीट नाही. पावणेबाराला चौकात उभे राहा.