इन्स्टा स्टोरी की स्वतःची वेबसाइट? द्राक्षबागेतल्या नोंदी आणि करिअर

प्रश्न: मी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नाशिकला रूमवर राहते, घर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. सुट्टीला गेले की बागेत जे दिसतं ते फोटोसकट चार ओळींत इन्स्टा स्टोरीला टाकते. सिनियर म्हणतात स्वतःची वेबसाइट काढ. पप्पा म्हणतात टाइमपास बंद कर आणि अभ्यासाला लाग. वेबसाइट वाचणार कोण आणि करिअरला फायदा काय?

उत्तर: अगं, वेबसाइट काढच. इन्स्टा बंद कर असं मी म्हणत नाहीये, फक्त नोंद आधी स्वतःच्या जागेवर टाकायची आणि मग तिची लिंक स्टोरीला, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला, जिथे माणसं आहेत तिथे.

तू नमुना म्हणून पाठवलेली नोंद मी दोनदा वाचली. छाटणीनंतरचा ३८वा दिवस, दोन दिवस ढगाळ, पानावर वरून तेलकट डाग, पान उलटं केलं तर मागे पांढरी बुरशी म्हणजे डावणी, आणि शेजारच्या प्लॉटमध्ये पानावर वरूनच पांढरी पावडर, ती भुरी. किती नेमकं लिहिलंयस! दिवस छाटणीपासून मोजलायस, हवामान दिलंयस, दोन रोगांतला फरक डोळ्यांनी बघून सांगितलायस. आणि हे सगळं २४ तासांत गेलं. हायलाइटला ठेवलं असतंस तरी पुढच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती छाटणी) कोणी गुगलवर 'द्राक्ष पानावर तेलकट डाग' टाकलं तर त्याला ते सापडलं नसतं, साध्या वेबपेजवर असतं तर सापडायची शक्यता तरी होती.

दुसरं म्हणजे इन्स्टासारखी जागा आपली नसते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

करिअरचं म्हणशील तर वेबसाइटमुळे नोकरी लागेल असं मी सांगणार नाही. पण सीव्हीत 'द्राक्ष पिकाची आवड' प्रत्येकजण लिहितो, तू तिथे एक लिंक देशील आणि समोरच्याला दोन हंगामांच्या तारखेनिशी नोंदी दिसतील, मग इंटरव्ह्यूला प्रश्न तुझ्या बागेवरचे येतील, पाठ केलेल्या व्याख्यांवरचे नाही, एक्सपोर्टवाल्यांकडे जा, खतं-औषधांच्या इनपुट कंपनीत जा, नाहीतर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात रिसर्चच्या कामाला अर्ज कर. वाचणारे सुरुवातीला फार कमी असणार, लाइक तर नाहीच, ते मनाला लागतं हे मला माहितीये, पण तुला हव्या त्या माणसाने एकट्याने वाचलं तरी काम होतं.

खर्च म्हणशील तर साधी वेबसाइट ठेवायला गिटहब पेजेस ही सेवा फुकट आहे, थोडं शिकावं लागतं, ते जमेना तर वर्डप्रेसचं फुकट खातं घे. पुढे स्वतःच्या नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घे, वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर जातं, पण रिन्यू करायला विसरलीस तर नाव हातचं जातं. लिहिलेलं सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःकडेही ठेव म्हणजे उद्या कुठेही हलवता येईल. डिझाइनच्या नादी अजिबात लागू नकोस, पोरं थीम निवडण्यात महिना घालवतात आणि नोंद एकही नसते. तारीख, गाव, वाण, छाटणीचा दिवस, फोटो, पाच ओळी, बास. आणि मराठीतच लिही, इंग्रजीत याच्यावर खूप आहे, आपल्या बागाईतदाराला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र कडक पाळ. औषधाचं नाव आणि डोस सल्ला म्हणून लिहायचा नाही. कोणीतरी वाचून फवारेल, काढणी जवळ आली असेल आणि माल रेसिड्यूत, म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशामुळे, अडकला तर नुकसान त्याचं. शेजारच्या शेतकऱ्याचं नाव नको, आपला फोन नंबर नको.

पप्पांचं म्हणशील तर परीक्षेच्या महिन्यात त्यांचं ऐक. एरवी रविवारचा अर्धा तास पुरतो. त्यांच्याकडे फवारणीची वही असेलच, ती मागून घे आणि डावणीच्या त्या आठवड्यात आधी काय दिसलं होतं, पाऊस कधी झाला, हे त्यांच्यासोबत बसून विचार. पहिली नोंद तीच टाक, आणि टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखव, चुकलं असेल तर ते लगेच सांगतील.