खतप्रकल्प नव्याने हाती घेणाऱ्या सभासदास
सोसायटीच्या ओल्या कचऱ्याची जबाबदारी आपण घेतली आहे, तेव्हा सर्वप्रथम घरोघरच्या वर्गीकरणाकडे लक्ष द्यावे, कारण दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा भाजीच्या देठांत गेला, की तो ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना हाताने वेचावा लागतो, आणि हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. ओल्या थरावर तितकाच किंवा त्याहून जाड वाळलेल्या पानांचा थर द्यावा. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) अधिक असते, तर वाळलेल्या पानांत कर्ब (कार्बन); नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग मिळाले, तर जिवाणू जोमाने वाढतात, मोठा ढीग ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि दुर्गंधी येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात पाणी शिंपडू नये. मुठीत दाबल्यावर थेंब गळू लागल्यास कोरडा पाला मिसळून ढीग उलटावा. पाला मात्र उन्हाळ्यापूर्वीच, पानगळीत, साठवून ठेवावा.